चार इंचांच्या आत

३ सप्टेंबर, बुधवार

बाबांना कॅबिनेट हवंय. कॉम्प्युटरचा डबा. लहानात लहान, आडवा, टीव्हीखाली बसेल असा.

सकाळी चहा घेताना सांगितलं. मी म्हटलं, बाबा, बाहेर रंग अजून सुकला नाहीये. तर म्हणाले, "हो, पण पाटावर किती दिवस ठेवायचं ते सगळं?"

रंग म्हणजे लाल रेघ. काल महापालिकेचे दोघं जण टेप घेऊन आले. एकाने धरली, दुसऱ्याने ओढली, आणि आमच्या बाजूच्या भिंतीवर ब्रशने एक उभी रेघ मारली, वर एक बाण. रस्ता रुंद होणार. उज्जैनला सिंहस्थ येतोय ना. आख्ख्या मोहल्ल्यात रेघा आहेत. रेघेच्या पुढचं सगळं जाणार. आमचा ओटा, पुढची खोली, खिडकी. मधली खोली, स्वयंपाकघर, आई-बाबांची खोली आणि वर माझी — एवढं राहणार. दोघं चहा नको म्हणाले. पुढच्या घरी गेले.

आणि पाट म्हणजे जेवायचा पाट. दादाने मागच्या वर्षी पुण्याहून एक छोटा मदरबोर्ड पाठवला, वीतभर चौकोनी. बाबांनी तो पाटावर स्क्रूने पक्का केला. बाजूला दोन हार्ड डिस्क, सुतळीने बांधलेल्या. एक पंखा. तिथून टीव्हीला वायर. त्यावर बाबा मराठी मंडळाची नाटकं बघतात. होते बँकेत, पण जीव सगळा मंडळाच्या साउंडमध्ये. दर गणपतीत नाटक, दर नाटकाचं रेकॉर्डिंग. सगळ्या कॅसेटी त्यांनी स्वतः उतरवून ठेवल्यात.

आई म्हणते, "पंगतीला एक पाट कमी पडतो माझा. तो नाटकात गेलाय."

मी गणपतीसाठी आले होते. चार दिवस राहून जाणार होते.


४ सप्टेंबर

काही नाही. झोपले.


५ सप्टेंबर, शुक्रवार

फ्रीगंजला गेले कॅबिनेट बघायला. दुकानवाल्याने कमरेपर्यंत येईल असा डबा पुढे केला. बाजू काचेची, आत दिवे.

"दीदी, सात कलर में चलता है. रिमोट साथ में."

म्हटलं, वडिलांना नाटकं बघायची आहेत.

"तो नाटक भी देखेंगे, लाइट भी देखेंगे."

छोटा दाखवा म्हटलं. त्याला मनातून नको होतं. आतून एक धुळीने भरलेला काढला, सरकारी ऑफिसांत टेबलाखाली पडलेला असतो तसा. म्हणाला, ह्याच्यात पॉवर सप्लाय त्याचा त्यालाच बसतो, बिघडला तर दुसरा मिळणार नाही, मग माझ्याकडे यायचं नाही. मोठ्या डब्यात काहीही कोंबता येतं म्हणे. लहानात सगळंच लहान लागतं. पंखासुद्धा लहान. आणि लहान पंखा जास्त ओरडतो, कारण त्याला जास्त फिरावं लागतं. हे शेवटचं मी तिथेच उभी राहून फोनवर वाचलं.

"साइज क्या चाहिए, वो तो बताओ."

मोजलंच नव्हतं. निघाले.

बाहेर एक माणूस सायकलवर वेताच्या खुर्च्या बांधून चालला होता, एकीत एक अडकवलेल्या, डोक्याच्या वर. कुठे नेतोय बघू म्हणून मागे गेले. देवास गेटपर्यंत गेला आणि एका लॉजच्या बोळात शिरला. मी कचोरी खाल्ली. घरी आले तर बाबा दारातच.

"मिळालं?"

"बघतेय अजून."

"बघ, बघ. घाई नाही."

घाई नाही म्हणतात. बाहेर बाण काढलाय.


७ सप्टेंबर, रविवार

ग्रहण आहे आज. आईने दुपारच्या आत सगळ्यांना जेवायला बसवलं. मग दादाचा व्हिडिओ कॉल. दर रविवारी असतोच. तो आणि प्राजक्ता वहिनी सोफ्यावर.

दादा म्हणाला, "बाबा, अर्ध्या घरात राहणार का तुम्ही? दिवाळीच्या आत इकडे या. एक खोली रिकामीच आहे. फक्त माझी सायकल आहे त्यात."

"ती तो चालवत नाही," वहिनी म्हणाली. "तिच्यावर टॉवेल वाळतात."

आई हसली. आई जायला तयार आहे. बोलत नाही, पण पितळेचे डबे माळ्यावरून खाली आलेत.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "अभिजीत, मला एक सांग. पॉवर सप्लाय आत असलेला बरा, की बाहेर अडॅप्टर असतो तो?"

दादाने वहिनीकडे बघितलं. मग म्हणाला, "बाहेरचा. आत गरम कमी होतं."

"बरं."

फोन परत माझ्याकडे.

नंतर दादाचा वेगळा मेसेज. तू विचार ना त्यांना, येणार की राहणार, एकदा कळू दे. माझं काहीतरी ऐकतात म्हणे ते. कधी ऐकलं? मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं. तेव्हापासून कसोल, दीव, गोकर्ण. हॉस्टेलमध्ये चादरी बदलायच्या, आलेल्या पोरांची नावं लिहून घ्यायची, कंटाळा आला की पुढचं गाव. आता हिमाचलात बीरला एकाने बोलावलंय. सॅक वर भरून ठेवलेली आहे. दर वेळी इथे येऊन टाकते ती, पाच-सहा दिवस झोपते आणि पुढे जाते. बाबा पुण्याला गेले तर हे घर बंद होणार, नाहीतर विकणार. मग सॅक कुठे टाकायची? सायकलजवळ?

विचारलं नाही बाबांना. ग्रहणात झोपू नये म्हणते आई. झोपले.


८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. आई म्हणाली, आता अमावास्येपर्यंत नवीन वस्तू घरात येणार नाही.

"कॅबिनेटपण नाही?"

"तो डबा काय पितरांना लागतोय? नाही म्हणजे नाही."

बाबा म्हणाले, "बघायला काय हरकत आहे? बघणं म्हणजे घेणं नव्हे."

"बघा. हात लावू नका."

"अगं, फोनवर बघताना हात कुठे लागतो?"

"मग फोनला लावताय तेवढा पुरे."

म्हणजे पंधरा दिवस फक्त निवडायचं. बरं झालं. मला निवडायला आवडतं, घ्यायला नाही.

पिंडदानाला सिद्धवटाकडे जाणाऱ्या ऑटो सगळ्या मुंडण केलेल्या माणसांनी भरलेल्या. गावोगावची. एकाने डोक्यावर रुमाल टाकला होता, वाऱ्याने उडाला तर त्याने हात वर नेला आणि केस नाहीत हे आठवून हात तिथेच ठेवला.


१० सप्टेंबर, बुधवार

मोजलं एकदाचं.

आमची शोकेस सागवानी आहे. मधे टीव्ही, त्याखाली एक उघडा खण. पूर्वी त्यात व्हीसीआर होता. पुढची खोली गेली तर शोकेस मधल्या खोलीत सरकवायची, तिथे नीट बसते, तेही मोजलं. खण रुंदीला भरपूर. उंची नऊ इंच. आईची शिवणाची टेप लावून मोजलं.

बाबांना सांगितलं, नऊ आहे, वर थोडी हवा सोडली तरी आठपर्यंत चालेल.

"चार," म्हणाले.

"काय चार?"

"उंची. चार इंचांच्या आत बघ."

"बाबा, नऊ आहे. दोनदा मोजलं मी."

"शिवणाची टेप ओढली जाते."

"ओढून पाच इंच?"

"जुनी आहे. तू चार बघ."

आई आतून म्हणाली, "त्या टेपने तुमचे सगळे झब्बे शिवलेत. एकही आखूड झाला नाही."

चारच्या आत फार कठीण आहे. दोन मोठ्या हार्ड डिस्क बसत नाहीत कशातच. त्या बसवायच्या तर प्रोसेसरवरचा पंखा काढा. पंखा ठेवायचा तर डिस्क बाहेर. आठ चालले असते तर वीस-पंचवीस तरी होते निवडायला, तिन्ही गोष्टी मावणारे. भांडावंसं वाटलं. मग तेवढं नाही वाटलं.

वर येऊन पडले तेव्हा एक सुचलं. निघून जाणारा माणूस टीव्हीखालचं सामान घेत नाही. तो वस्तू कमी करतो. बाबा एवढं खोदून खोदून निवडतायत, पंखा कुठे, वायर कुठे, म्हणजे राहणार. सांगत नाहीयेत, एवढंच. आमच्याकडे सांगत नाही कोणी. मी कॉलेज सोडलं तेव्हा मी कुठे सांगितलं होतं? सॅक घेऊन खाली आले तर आईने दशम्या बांधून ठेवल्या होत्या. बाबा म्हणाले, गाडी किती वाजता? बस.

राहणार असतील तर बरं आहे. असं लिहून बघितलं. बरं आहे.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

शेजारच्या कैलाशजींनी घर तोडायला घेतलं. स्वतःच. किराणा दुकान आहे त्यांचं खाली. मशीन यायच्या आत मजूर लावले, छिन्नी-हातोडा, वरून खाली. मला हाक मारून दाखवलं.

"देखो बेटा, मशीन का पंजा पड़ता है तो पूरा घर हिलता है. पीछे रसोई तक दरार जाती है. खुद तोड़ लो तो सीधा टूटता है."

सगळे तसंच करतायत. रेघेवर सुतळी ताणायची आणि आपली भिंत आपणच सरळ उतरवून घ्यायची. विटा धुऊन रचून ठेवायच्या, मागच्या कामाला येतात. कैलाशजी एक शटर अर्धं उघडं ठेवून साखर विकत होते. वर हातोडा, खाली तराजू. एका बाईने विचारलं, भैया, धूळ नाही ना ह्यात? तर म्हणाले, "अपने ही घर की है, बहनजी."

मला म्हणाले, "पापाजी से पूछ लो. मिस्त्री को बोल दूँ? दोनों दीवार साथ में उतरेंगी तो बढ़िया रहेगा."

बाबांना विचारलं.

"बघू," म्हणाले. आणि लगेच, "तो काळा बघितला होतास ना काल, त्याला हवा वरून जाते की बाजूने?"

"बाजूने."

"मग दोन्हीकडे जागा सोडावी लागेल."

दुपारी कैलाशजींची वरची भिंत पडली आणि आतली निळी खोली दिसायला लागली. त्यांच्या मुलीची. तिचं लग्न होऊन ती रतलामला आहे. भिंतीवर आरशाची जागा तेवढी गडद निळी. आम्ही लहानपणी तिथे बसून नखं रंगवायचो. मी खाली उभी राहून बघत होते. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं बहुतेक. भूक लागली तेव्हा आत आले.


१३ सप्टेंबर

बीरहून मेसेज. कब तक? उत्तर दिलं नाही.


१५ सप्टेंबर, सोमवार

हळद आणायला गेले होते. गाडी कैलाशजींच्या विटांमागे अडकली म्हणून पायी. मग ऑटो. नानाखेड्याच्या बसस्टँडला कशी पोचले माहीत नाही. इंदूरची बस लागली होती. कंडक्टर दारात लटकून ओरडत होता, मी चढले. अर्ध्या वाटेत सांवेरला उतरले. चहा घेतला, परतीची बस पकडली.

एक काम झालं पण. बसमध्ये फोनवर सापडला! साडेतीन इंच उंच. अॅल्युमिनियमचा, चपटा, मिठाईच्या खोक्यासारखा. ह्याला पंखाच नाही. वरचं झाकण जाड आहे, खाचा पाडलेलं. आतली गरमी त्या झाकणात चढते आणि तिथून हवेत जाते. पॉवर सप्लाय बाहेरचा. आत एकच छोटी डिस्क बसते, लॅपटॉपमधली असते तशी. बाबांच्या दोन मोठ्यांमधलं सगळं त्या एकीत भरावं लागेल.

घरी आले. हळद राहिली.

आई म्हणाली, "एवढी इंदूरपर्यंत गेलीस, तिथे नाही मिळाली?"

"इंदूरला नाही गेले. सांवेर."

"सांवेरला काय होतं?"

"चहा."

तिने हळदीशिवाय आमटी केली. पांढरी आमटी. बाबा काही बोलले नाहीत, दोनदा घेतली.


१६ सप्टेंबर, मंगळवार

बाबांना दाखवला तो. चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाजवळ धरला.

"पंखा नाहीच?"

"नाहीच."

"मग आवाज?"

"कसला आवाज? आत काही फिरतच नाही."

फोन खाली ठेवला. उठले, पाटावरचं बटण दाबलं, एक नाटक लावलं. मी शाळेतही जात नव्हते तेव्हाचं. पुढे नेत नेत एका जागी थांबले. "ऐक."

स्टेजवर नवरा जेवायला बसलाय. बायको विचारते, आमटी कशी झालीये? आणि तो काही बोलत नाही. बोलतच नाही. मला फक्त पाटावरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"हा गोपाळ," बाबा म्हणाले. "पुढचं वाक्य विसरला. लगेच बोलायचं होतं त्याने. मी विंगेत, हात बटणावर, म्हटलं आता पडदा पाडावा लागतोय. आणि लोक हलेनात. त्यांना वाटलं नवऱ्याच्या मनात काहीतरी मोठं चाललंय. आख्ख्या हॉलमध्ये एक खोकला नाही. इतका वेळ शांत राहिलेला हॉल मी नंतर कधी बघितला नाही. ते सगळं रेकॉर्ड झालंय. पण हा पंखा ऐकू देत नाही."

"म्हणजे कोणी काही बोलत नाहीये ते ऐकायला तुम्हाला कॅबिनेट पाहिजे?"

"मग काय!"

आई आतून म्हणाली, "बक्षीस मिळालं होतं गोपाळला त्या वर्षी. अभिनयाचं. अजून त्याच्या दिवाणखान्यात लावून ठेवलंय."

"आणि आमटीचं काय झालं शेवटी?" मी विचारलं.

"शेवटी म्हणाला, बरी आहे. एवढंच सुचलं त्याला. पुढची दोन पानं गेली."

हसलो. तिघंही. बाबा इतकं सलग मी आल्यापासून बोलले नव्हते. मग स्वतःच म्हणाले, "हाच पक्का. पितृपक्ष संपला की घेऊ." घेऊ म्हणाले. मी ऐकलं.


१७ सप्टेंबर, बुधवार

डिस्क भरतेय. दादाची एक छोटी जुनी पडलेली होती, ती मावते. एकेक वर्ष उचलायचं आणि टाकायचं. मधेच बघत बसते. एका वर्षी मुलांचं भाज्यांचं नाटक होतं, त्यात मी भोपळा. नारिंगी कापडात उशा भरल्या होत्या. सगळ्या भाज्या डावीकडे जातात आणि भोपळा उजवीकडे निघून जातो. मागून आईचा आवाज — "मृणाल, इकडे!" — आणि लोक हसतात. भोपळा थांबत नाही.

चारदा बघितलं. मग पुढचं वर्ष टाकलं.


१९ सप्टेंबर, शुक्रवार

आई ओट्यावर बसून पितळ घासत होती. ओटा आहे तोवर वापरून घेते म्हणाली. कैलाशजींकडची धूळ तिच्या चिंचेत पडत होती.

"तुझे बाबा राहायचं म्हणतायत का गं?"

"तू विचार ना."

"मी नाही विचारणार. त्यांना विचारलं की ते हो म्हणतात. मग मला कळत नाही त्यांना खरं काय पाहिजे."

"तुला काय पाहिजे?"

तिने डबा पालथा केला, बुडाला चिंच लावली. "मला लिफ्ट पाहिजे. आणि गुडघ्याचा डॉक्टर जवळ. आणि दार उघडलं की पाय गाडीखाली जाईल असं घर नको." मग जरा वेळाने, "पण ते कॅबिनेट घेतायत म्हणजे राहणारच असतील. इतकी वर्षं ओळखते मी. राहू. काय करणार. तूपण राहा मग थोडे दिवस. मिस्त्रीशी भांडायला आम्हाला जमत नाही. ते त्याला चहा देतील आणि मी खायला."

राहा असं ती मला कधी म्हणाली नव्हती. दशम्याच द्यायची.

"बघू," म्हटलं.

"बापावर गेलीस."


२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. बाबांना गाडीवर रामघाटावर नेलं. पाय ठेवायला जागा नाही. आजोबांचं, पणजोबांचं नाव घेतलं त्यांनी, गोत्र सांगितलं, गाव विचारल्यावर जरा अडखळले. गुरुजी म्हणाले, मूळ गाव सांगा. "उज्जैनच म्हणा," म्हणाले बाबा. "आता किती मागे जाणार?"

घरी आईने गच्चीवर पान ठेवलं. कावळा आला नाही. हातोड्याच्या आवाजाने सगळे कावळे कुठेतरी गेलेत. बराच वेळ थांबून तिने ते गाईला घातलं. दादाचा कॉल आज नव्हता, त्यांच्याकडेही पानाची गडबड.


२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आईने मातीत धान्य पेरलं, दिवा लावला. मी बाबांना म्हटलं, करू का ऑर्डर?

"मी करतो. मला येतं."

मधल्या खोलीत खुर्चीवर बसले. एका बोटाने टाइप करत होते, तोंडाने एकेक अक्षर म्हणत. मी पिन कोड सांगायला गेले तर म्हणाले, "माहीत आहे, माहीत आहे." मग "झालं" म्हणून फोन पालथा ठेवला आणि घटासमोर जाऊन नमस्कार केला. एका डब्यासाठी!

मी वर गेले. बीरला लिहून टाकलं, नहीं आ पाऊँगी, किसी और को रख लो. त्याने अंगठा पाठवला, लगेच, जसं काही आधीच काढून ठेवला होता. मग सॅक पालथी केली. कपडे कपाटात लावले. मोज्यांत गोकर्णची वाळू निघाली, ती खिडकीतून झटकली. रिकामी सॅक कुठे ठेवायची कळेना. कधी रिकामी नव्हती ना. गादीखाली घातली.

खाली येऊन कैलाशजींना सांगितलं, मिस्त्रीला बोला.

"पापाजी मान गए?"

"हाँ."

हाँ म्हटलं मी. बाबा तर हो म्हणाले नव्हतेच, पण घेतलं ना कॅबिनेट.

थोडंसं काहीतरी वाटलं आज. सांगता येत नाही काय. पाय आखडून मग मोकळा होतो तेव्हा मुंग्या येतात, तसं.


२४ सप्टेंबर, बुधवार

मिस्त्री येऊन भिंत ठोकून गेला. दसऱ्यानंतर माणसं लावतो म्हणाला. "मालिक कहाँ हैं?" बाबा आत होते, आले नाहीत. चहा मात्र पाठवला. आई म्हणाली होती तसंच.

त्याच्याच दोन माणसांना धरून शोकेस मधल्या खोलीत सरकवली. बाबा म्हणाले, "एवढी घाई काय होती?" मी म्हटलं, डबा आला की थेट जागेवर बसेल. मग कैलाशजींकडून ड्रिल आणलं आणि खणाच्या मागच्या फळीला भोक पाडलं, वायर जायला. सागवानाचा भुसा पडला, लाल, चांगला वास होता.

बाबा बघत होते. भोक पडून झाल्यावर म्हणाले, "पाडायला नको होतंस."

"वायर कुठून जाणार मग?"

खाली वाकून त्यांनी भुसा हातात गोळा केला आणि कुठे टाकावा ते न कळून तसाच धरून उभे राहिले. मी केराची सुपली आणली.


२६ सप्टेंबर, शुक्रवार

अजून आला नाही. ट्रॅकिंग बघू का म्हटलं. येईल म्हणाले.

पाटावरचं सगळं सोडवून पुसून ठेवलंय. पाट आईला परत दिला. स्क्रूची चार भोकं आहेत त्यात. तिने घासून उन्हात ठेवला.


२८ सप्टेंबर, रविवार

दादाचा कॉल. एकटाच होता, मांडीवर एक खोकं.

"मृणू, बाबांचं कॅबिनेट काल आलं इथे. त्यांचंच नाव आहे वर, पत्ता आमचा. आमच्या टीव्हीखालच्या चार इंचांत बरोबर बसेल. उघडू का आत्ता, की आई-बाबा आल्यावर?"

आईने बाबांकडे बघितलं. बाबा चष्मा पुसत होते.

म्हटलं, "ते आल्यावर उघड."